केबिनच्या काचेमागे

जे सांगतोय ते माझ्या बायकोला ठाऊक नाही. पोरीला नाही, भावाला नाही, गल्लीत कुणालाच नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि वर दोन वेळा जेवत राहिलो. आज सांगणार आहे. मध्येच अडखळलो तरी उठून जाऊ नका.

सुरुवात एका सिनेमापासून करतो. खरी सुरुवात तिथली नाही — पण तिथून सांगायला सोपं जातं.

मागच्या महिन्यात नरसय्या आणि मी एक तेलुगू सिनेमा बघायला गेलो, हिंदीत डब केलेला. नरसय्या माझा दोस्त. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. मी सांगोल्याकडचा, मेंढरांमागून आलेला. मला टॉवेलच्या मागावर उभं केलं ते त्यानं. तुटलेला धागा कसा जोडायचा, आडवा धागा नेणारा धोटा अडकला तर काय करायचं, सगळं त्याच्याकडून शिकलो.

आणि बोलायलाही त्याच्याकडूनच शिकलो. हे जरा समजावून सांगावं लागेल. पॉवरलूमच्या शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही ओरडतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. मधले माग ओलांडून आम्ही घरची भांडणं, भाजीचे भाव, मालकांच्या नकला, सगळं बोलायचो. मालकांना त्यातलं काही कळायचं नाही. त्यांची केबिन शेडच्या टोकाला, मोठ्या काचेची. आत बसून त्यांना फक्त हलणारी तोंडं दिसायची. त्या गोंगाटात आम्ही निर्धास्त होतो.

तर सिनेमा. टोळीत पोलिसांचा एक माणूस घुसलेला, आणि पोलिसांत टोळीचा एक. दोघंही दोन्हीकडं हसून बोलणार, दोघांचीही झोप उडालेली. पोलिसांतला टोळीचा माणूस कोण, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, अशी सगळी बांधणी. मध्यंतराच्या आधी एक अधिकारी काचेच्या खोलीत जाऊन फोन लावतो. त्याचा आवाज येत नाही, नुसतं संगीत. नरसय्या माझ्याकडं कलला.

“ह्योच हाय बग. उद्या छापा हाय म्हणून टोळीला सांगायलाय.”

“तुला काय म्हाईत?”

“काचंतनं आवाज येत न्हाय. पर व्हट दिसत्यात की. तेलुगूतच बोलायलाय त्यो.”

एवढं बोलून तो पुन्हा पडद्याकडं बघू लागला. माझ्या हातातली शेंगांची पुडी तशीच राहिली.

आता सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हाला ना फंड होता, ना पगारी सुट्टी. नरसय्यानं एकेकाला तयार केलं. मोठ्या ऑर्डरचा ट्रक भरायचा त्या सकाळी सगळे माग बंद ठेवायचे, असं ठरलं. चहाच्या टपरीवर एक शब्द नाही; सगळं शेडमध्ये, ओठांवर. मीही हो म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो का? — तेव्हा तरी हो.

त्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जुना जॉबर सोडून चालला होता. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, विणकरांच्या वरचा माणूस. मालक म्हणाले, “मारुती, तू आपल्या घरचा. तिकडं काय शिजतंय?”

त्यांनी धमकी दिली नाही. माझ्या घरात कुणी आजारी नव्हतं, चूल बंद पडली नव्हती. मला जॉबर व्हायचं होतं. एवढंच. मी सगळं सांगितलं. नावं त्यांनी विचारलीसुद्धा नव्हती, तरी नरसय्याचं नाव मी आधी घेतलं. खुर्चीत बसून, काचेकडं तोंड करून. दार लावलेलं होतं, आवाज बाहेर जात नव्हता, म्हणून मला घोर नव्हता.

शेडमधल्या माणसाला आवाजाशी काय करायचंय? ओठ वाचून दिवस काढणारा मी हे विसरलो कसा? नरसय्याचा माग केबिनच्या अगदी समोर होता.

दुसऱ्या दिवशी माग चालू असतानाच त्याला काढलं. बाकीच्यांनी माग बंद ठेवायचा बेत सोडून दिला. डबा घेऊन जाताना तो माझ्यासमोर थांबला आणि त्याचे ओठ हलू लागले. मी मान खाली घातली. धागा तुटला नव्हता, तरी जोडत बसलो. वर बघितलं तेव्हा तो दाराबाहेर गेला होता. तो काय म्हणाला, मला आजही माहीत नाही.

मी जॉबर झालो. त्याला मात्र पुन्हा कुठल्याच शेडमध्ये कुणी घेतलं नाही. मालक लोक एकमेकांना कळवतात. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीवहिनींनी, विड्या वळून घर चालवलं, पुढं तो एका सोसायटीत वॉचमन झाला. माझ्याकडं येत राहिला. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढायला तो होता. त्याला काही माहीत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. थेटरात ते संपलं. केबिनच्या काचेतून माझे ओठ त्यानं त्या दिवशीच वाचले होते. मग येत का राहिला? — हे विचारायचा हक्क मला नाही, म्हणून सोडून देतो.

सिनेमातला तो अधिकारी शेवटी गोळी खाऊन सुटला. मला कुणी गोळी घालणार नाही. मला बोलावं लागेल.

रविवारी सकाळी त्याच्या घरी जाणार आहे. वहिनी सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्यादेखत सांगणार. माफी मागणार नाही. मागितली की त्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यानं भरपूर दिलंय. मी सांगितलं, जॉबर व्हायचं होतं म्हणून सांगितलं — एवढंच, मोठ्यानं. मग त्याच्या ओठांकडं बघत उभा राहीन. त्या दिवशी जे म्हणाला ते तो पुन्हा म्हणेल, किंवा म्हणणार नाही. मी मान खाली घालणार नाही.