रेंजचा डोह

दसरू मारबतेला गावाने बहुतेक पाठमोराच पाहिला. नावेच्या पुढच्या टोकावर उभा, तोंड येणाऱ्या धारेकडे, दोन्ही हात बांबूवर. बाजारात तो समोरून आला तर लोक ओळखायला क्षणभर थांबत आणि मग म्हणत, "अरे, दसरूभाऊ! तुमाले तोंडबी हाये का?" तो हसायचा. ढिवराने उतारूशी भांडू नये, हे बापाने त्याला बांबू धरायला शिकवतानाच शिकवलं होतं.

पूल होईपर्यंत तो वैनगंगेवर माणसं पार करायचा. गडचिरोलीच्या काठावर त्याचं गाव, समोरचा काठ चंद्रपूरचा. बाळंतिणी, नवरदेव, पोलीस, बकऱ्या, सगळे त्याच्या नावेतून गेले. मग वरच्या अंगाला पूल झाला. उद्घाटनाचं बोलावणं त्याला आलं नाही. फटाक्यांची पेटी मात्र आदल्या दिवशी त्याच्याच नावेतून आली. त्यानंतर नाव काठावर उपडी पडली आणि दसरू नुसता मासे धरू लागला.

ती नाव पुन्हा पाण्यात गेली ती फोनमुळे. गाव टेकडीच्या पोटात दडलेलं, टॉवर नदीपल्याड. आधी लोक टेकडीवर चढून बोलायचे. मग मोहफुलं वेचायला गेलेल्या रुखमाबाईला तिथेच वाघाने नेलं, आणि गावाने टेकडी सोडून दिली. एके दिवशी सोमाजी पाटलाचा नातू अजय दसरूबरोबर मासे धरायला गेला असताना भर नदीत त्याचा फोन वाजू लागला. काळ्या खडकाच्या खाली, डोहाच्या तोंडाशी, अंगणाएवढ्या जागेत रेंज होती. चांगली रेंज. चित्र न अडखळता चाले. नाव दोन हात सरकली की मात्र सगळं गोल गोल फिरत बसे.

तळाशी सपाट खडक, त्यामुळे दोराला दगड बांधून टाकला तर तो घसरत जाई. खडकाला एक भेग होती. तिच्यात बांबू रुतवायचा आणि अंगाच्या जोरावर नाव धरून ठेवायची. धार बांबूला हलवते, बांबू माणसाला हलवतो, आणि माणसाने नावेला हलू द्यायचं नाही. हे दसरूला जमलं. मग त्या जागेला लोक रेंजचा डोह म्हणू लागले.

पोट्टे नावेत बसून क्रिकेट पाहत. बाया माहेरी बोलत. कोणी धान देई, कोणी चहा पाजी, कोणी उद्या देतो म्हणे. दसरूची पाठ सगळ्यांकडे. त्याच्या मागे सगळं जग चालू असे आणि तो समोरचं पाणी पाहत असे.

"भाऊ, हालू नका न! बॉल वरतं हाये!"

"मी नाई हाललो, धार हालली."

"धारेले सांगा मंग, मॅच चालू हाये मनून."

संघ हरला तरी दोष त्याचाच. दसरूभाऊंना शिंक आली म्हणून आउट झाला, असं पोट्टे गावभर सांगत. दसरूलाही त्याचं हसू येई.

त्याचा एकुलता मुलगा सुनिल दक्षिणेत बोरगाडीवर कामाला गेला होता. बोरगाडी एका गावात राहत नाही. जमिनीला भोक पाडलं की पुढच्या गावी. सुनिलचा फोन आला की अजयचा फोन हातात धरून दसरूची बायको गुणाबाई नावेत बसायची आणि तो बांबू धरायचा.

"बाबा काय करून राह्यले?"

"उभे हायेत. तुह्याकडं पाठ करून."

"फिरवा न त्याईले."

"फिरले तं तूच जाशीन," गुणाबाई म्हणायची, आणि दोघं हसायची. दसरू पाठीने ऐकायचा. मुलगा जाड झाला की बारीक, दाढी ठेवली की नाही, हे त्याला गुणाबाईकडून कळायचं. आला की पाहूच, असं तो मनात धरून होता.

पावसाळा सरता सरता, धार अजून भरलेली असताना, एका दुपारी पोट्टे मॅच पाहत होते आणि मध्येच बोरगाडीच्या मुकादमाचा फोन आला. अजयने आधी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच. मग त्याचा आवाज बदलला. सुनिल गाडीवरच्यांशी भांडून निघून गेला होता, फोन बंद होता, आणि आता त्या भागातल्या तळ्यात एक माणूस मेलेला सापडला होता. तुम्ही येईपर्यंत ठेवता येणार नाही, मुकादम म्हणाला. उद्या व्हिडिओवर या, घरच्यांनी ओळखलं की इथेच उरकून घेतो.

दसरूने हे सगळं पाठमोरंच ऐकलं. नाव त्याने हलू दिली नाही. अजय म्हणाला, "भाऊ, काठावर चला," तेव्हा त्याने बांबू उपसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गाव जमलं. तिथे एक अडचण निघाली. त्या गावच्या ढिवरांत अशी रीत होती की ज्याच्या घरी मयत झाली त्याने दहावं होईपर्यंत नावेला आणि जाळ्याला हात लावायचा नाही. लावला तर नदी त्याच नावेतून दुसरं माणूस मागते. दसरूने चुलतभावाकडे पाहिलं.

"श्रावण, तू धर आज."

श्रावणने हात झटकले. "मले नाई जमत दादा. इतली धार. माह्या हातून नाव फिरन."

सोमाजी पाटलाने तंबाखू मळता मळता निकाल दिला. "ओळख पटली नाई तोवर सूतक कशाचं? आता तो जिताच धराचा. चाल दसरू, पकड बांबू."

खरं तर नावेत गुणाबाई, श्रावण आणि अजय एवढीच माणसं लागत होती. पण सोमाजी बसले. मग त्यांच्या घरची बसली. मग ज्याला जागा मिळाली तो बसला. एका बाईने मांडीवर पोर घेतलं होतं. दसरू म्हणाला, "इतले नोका बसू," तर मागून कोणीतरी म्हणालं, "सुख-दुःखाले नाई यावं तं कवा यावं माणसानं?" नाव काठोकाठ पाण्यात बसली.

डोहाशी आल्यावर दसरूने भेग शोधली आणि बांबू रुतवला. जड नाव धार ओढत होती. त्याने पाय रोवले. मागे फोन लागला. मुकादमाचा आवाज, मग दुसऱ्याच भाषेतले आवाज, वारा, आणि प्लास्टिकची पन्नी ओढल्यासारखं काहीतरी. मग नावेतल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. तो त्याने ऐकला.

"इकडं आना," तो म्हणाला. "मले दाखवा."

अजय उठला. नाव एका अंगावर कलली, पोर रडलं, आणि चित्र गेलं.

"बस बे, बस! गेलं न!"

"दसरू, पकडून ठेव. आमी पाहतो न."

"भाऊ, तुमी हालू नका, आमी हावोत इथी."

चित्र परत आलं. मुकादम खेकसत होता, "जल्दी बोलो. टाइम नहीं है इधर. तुम्हारा है?" दसरूच्या तळहातात बांबू फिरत होता. मान वळवली तर खांदा सुटेल, खांदा सुटला तर नाव. तरी त्याने मान थोडी वळवली. त्याला डोक्यांच्या मागच्या बाजू दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध अजयचा अंगठा.

"बोलो भाई!"

"हो," श्रावणचा आवाज आला. "हो, आपलाच हाये."

फोन बंद झाला. बाया रडू लागल्या. दसरूने बांबू उपसला आणि सगळ्यांना काठावर आणून सोडलं, कारण दुसरं कोण आणणार होतं?

पुढचे दिवस गावाने ते चित्र पुरवून पुरवून खाल्लं. पानठेल्यावर एक म्हणे, तोंड उघडं होतं, हाक मारून राह्यल्यासारखं. दुसरा म्हणे, नाही, झोपल्यासारखा होता. तिसऱ्याने डोळे पाहिले होते. नावेत नसलेलेही सांगू लागले. दसरू दिसला की ते गप्प होत आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू. राख पाठवतो म्हणालेला मुकादम पुन्हा फोनवर आला नाही.

अजयने त्या वेळी सगळं फोनमध्ये भरून ठेवलं होतं. दसरू त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"एकडाव दाखवतं का?"

अजयने मान खाली घातली. "भाऊ, जागा नव्हती फोनात. मॅच डाउनलोड केली तं ते गेलं."

"गेलं म्हंजे?"

"डिलीट झालं."

दसरूला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. आतून अजयच्या आईने विचारलं, चहा ठेवू का.

घरी त्याने गुणाबाईला विचारलं. तोवर विचारलं नव्हतं. तिच्याकडे ते आहे, ती देईल तेव्हा घेऊ, अशा समजुतीने तो राहिला होता.

"कसा दिसत होता?"

गुणाबाई तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

"मीनं नाई पाह्यलं," ती म्हणाली. "डोळे मिटून घेतले होते."

"समोर बसली होतीस न?"

"समोर बसली होती मनूनच मिटले."

दसरूचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा उठला. गुणाबाईने तोंड बाजूला केलं नाही. हात तसाच खाली आला, पण तो उठला होता हे दोघांनी पाहिलं, आणि त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं.

दहावं झालं. दसरूने नाव धुतली, डांबर लावलं आणि पोट्ट्यांना हाक मारली. कोणी आलं नाही. बाया पदर सावरून दुसऱ्या वाटेने गेल्या. त्याचे मासे टोपलीत तसेच राहिले. शेवटी तो सोमाजींकडे गेला.

"पाटील, काऊन नाई येत कोनी?"

"नाव बाटली न दसरू तुही," सोमाजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "श्रावणनं हो मनलं तवाच सूतक लागलं. अन् तू तसाच बांबू मारत काठापर्यंत आला. आता त्या नावेत लेकरू कोन बसवन, सांग बरं?"

"तुमीच बसवलं होतं मले."

"जाताना बसवलं होतं. येतानाचं कोन बोललं होतं?"

"मंग काय नदीत सोडून देतो सगळ्याईले?"

"श्रावणच्या हाती द्याचा बांबू."

"त्याले नाई जमत."

सोमाजींनी तंबाखूची डबी काढली. दसरूला वाटलं, म्हातारा अडकला. पण सोमाजी नुसते त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात थोडी कीव होती.

त्याच आठवड्यात दुपारी नदीवरून आरडाओरडा ऐकू आला. दसरू काठावर गेला. धार ओसरली नव्हती. रेंजच्या डोहात श्रावणची नाव उभी होती. ठोकून बसवल्यासारखी. पोट्टे अजयच्या फोनवर वाकलेले, आणि पुढच्या टोकावर श्रावण, बांबू काखेत दाबून, पाय रोवून. दसरू जसा धरायचा तसाच.

दसरूने आपली नाव ढकलली आणि तिकडे घेतली. हातभर अंतरावर थांबला.

"जमते तं तुले."

श्रावणने पाण्यावरची नजर काढली नाही.

"पयल्यापासून जमत होतं?"

"हो."

"मंग त्या दिशी काऊन नाई मनलं?"

"मलेबी पाहाचं होतं दादा," श्रावण म्हणाला. "खांद्यावर खेळवला होता मीनं त्याले. बांबू धरला असता तं मले नसतं न दिसलं."

मागून एक पोट्टा ओरडला, "ओ भाऊ, नाव दूर घ्या न! लाटा येऊन राह्यल्या!"

दसरूने दूर घेतली नाही. "मंग सांग. तू वाढवून नाई सांगत. कसा दिसत होता?"

श्रावणच्या दंडावरची शीर तटतटली. मग हळू आवाजात, पोट्ट्यांना ऐकू जाऊ नये असा बोलला.

"तोंडच नव्हतं दादा. मासोळ्याईनं खाल्लं होतं. निळा शर्ट होता. सुनिलजवळ निळा शर्ट होता का नाई, मले काय मालूम? तो मुकादम बोंबलून राह्यला, वैनी डोळे मिटून, अन् सगळे माह्याकडं पाहून राह्यले."

"अन् तू हो मनलं."

"कोनाले तरी मना लागत होतं."

"तोच होता का?"

"मले काय मालूम दादा."

दसरूच्या घशातून एक आवाज निघाला. श्रावणने तेव्हा पहिल्यांदा दसरूकडे पाहिलं आणि धरलेली नाव हलली. पोट्टे एकसाथ ओरडले. श्रावणने घाईघाईने पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

"अजय," दसरू म्हणाला. "सुनिलचा नंबर लाव."

"भाऊ, तो तं..."

"लाव मनतो न."

अजयने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. बाकीचे त्याच्या खांद्यावर रेलले होते.

"ओव्हर होऊ द्या न भाऊ," तो म्हणाला. "दोनच बॉल राह्यले. मंग लावतो."

दसरूची नाव धारेबरोबर खाली सरकू लागली होती. त्याने बांबू पाण्यात घातला, तळ सापडेपर्यंत दाबला आणि दोन बॉल होण्याची वाट पाहत उभा राहिला.