हॉलचं स्पेलिंग

सुरतेतल्या लिंबायतमध्ये सुरेखाबाईंचं घर शोधायला पत्ता लागत नाही. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटावर ताण करून ज्या खिडकीतून पोरं "वेड-नेस-डे, वेन्सडे" असं घशाच्या शिरा ताणून ओरडतात, ते घर बाईंचं. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली. पण इंग्रजी शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी स्पेलिंग पक्कं करायचं तर बाईंकडेच, असा त्यांचा लौकिक होता. होता म्हणजे, समोरच्या घराच्या माळ्यावर वर्षाने क्लास उघडला तोवर होता.

वर्षा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिच्याकडे रंगीत कार्डं, टाळ्या, गाणी, आणि बरोबर स्पेलिंगला चकचकीत सोनेरी स्टार. पोरं तिला दीदी म्हणायची. बाईंना जन्मात कुणी दीदी म्हटलं नव्हतं. "स्टार चिकटवून कुठं स्पेलिंग येतं?" असं त्या येईल त्याला ऐकवायच्या आणि समोरच्या जिन्यातल्या चपला मात्र रोज मोजायच्या. खोटं कशाला बोला, बाई जळत होत्या.

त्यांचा एकच हुकमी एक्का उरला होता. लूमवर काम करणाऱ्या लोटूभाऊंची गायत्री. अकरा वर्षांची, एकदा सांगितलेलं न विसरणारी. सहावीला मोठ्या इंग्रजी शाळेत जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात.

"बाई, मनी पोर पास व्हई ना?" लोटूभाऊ दर रविवारी विचारून जायचे.

"माझी मुलगी आहे ती. नापास कशी होईल?" बाई म्हणायच्या. त्या 'माझी'वर जरा जास्तच जोर असायचा.

परीक्षेला आठवडा उरला असताना गायत्रीच्या दप्तरातून एक वही खाली पडली. मुखपृष्ठावरच सोनेरी स्टार.

"मी सकाळी दीदींकडेपण जाते," गायत्री खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

"मी कशाला रागवू? बघू तरी काय शिकवते," बाई हसून म्हणाल्या. आतून त्यांचा तिळपापड झाला होता.

वही चाळता चाळता एका पानावर त्या थबकल्या. 'मामाचं लग्न' या विषयावर पाच ओळी होत्या. सुरतेत वाढलेली मराठी पोरं गुजराती शेजाऱ्यांसारखं हॉलला होल म्हणतात, स्नॅक्सला स्नेक्स म्हणतात, आणि म्हणतात तसंच लिहितात. गायत्रीने हॉलचं स्पेलिंग केलं होतं एच ओ एल ई. त्यामुळे लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी भोकात बसून साप खाल्ले होते. वर्षाही इथंच वाढलेली, तिच्या कानाला काही खटकलं नव्हतं. खाली स्टार.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. लाल पेन बोटांतच होतं. चूक दिसली की ते आपोआप कागदावर उतरायचं, आयुष्यभराची सवय. बाईंनी त्याला टोपण लावलं. लिहू दे परीक्षेत हेच. कळू दे सगळ्या गल्लीला दीदी काय शिकवते ते.

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

परीक्षेत पाच ओळींचा विषय आला, 'घरातलं लग्न'. गायत्रीने वहीतलं पान आठवून जसंच्या तसं उतरवलं, आणि तिची निवड दोन मार्कांनी हुकली.

आता लोटूभाऊ समोरच्या जिन्यात जाऊन आरडाओरडा करतील म्हणून बाई खिडकीत उभ्या राहिल्या. लोटूभाऊ आलेच नाहीत. आली वर्षा, गायत्रीचा हात धरून, बाईंच्याच दारात.

"बाई, चूक माझी आहे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "लोटूभाऊंनाही मी तसंच सांगितलं. त्या पानाबद्दल नंतर मला शंका आली होती. पण ही म्हणाली, बाईंनी पाहिलंय, छान म्हणाल्या. मग मी पुन्हा बघितलंच नाही. म्हटलं, बाईंनी पाहिलंय म्हणजे बरोबरच असणार. पुढच्या वर्षी सातवीसाठी बसेल ती. हिला आता तुम्हीच शिकवा."

बाईंना हवं होतं ते सगळं दारात चालून आलं होतं. त्या "ये" म्हणायला गेल्या, तर गायत्री त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, तुम्ही ते पान वाचलं होतं ना?"

"चष्मा नव्हता गं तेव्हा," बाई म्हणाल्या.

वर्षाला ते लगेच पटलं. गायत्रीने मात्र दीदींचा हात सोडला नाही. चूक माझी, असं म्हणताना वर्षाचा आवाज कुठंही अडखळला नव्हता, आणि बाईंना तिचा इतका हेवा आजवर कधीच वाटला नव्हता.