अभिरूप सभेचा ठराव

आमच्या प्रशिक्षण केंद्रात गाद्यांवर मारायचा एक शिक्का होता. गोल, जांभळ्या शाईचा, मधोमध 'भांडार' असा शब्द. गाद्या, उशा, सतरंज्या, पांघरुणं, सगळ्यांवर तो मारलेला असे, कारण शिबिराला येणारी सरपंच मंडळी जाताना पांघरूण आपल्या वळकटीत घालून नेत. हा शिक्का मी एकदा एका बाईच्या कागदावर मारला. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी राज्यशास्त्र घेऊन एम. ए. झालो होतो आणि कॉलेजात प्राध्यापक व्हायची स्वप्नं बघत वर्ध्याच्या बाहेर एका बैठ्या इमारतीत तात्पुरता निदेशक म्हणून लागलो होतो. काम काय, तर खेड्यांतल्या सरपंचांना आणि पंचांना पाच दिवसांत पंचायतीचा कारभार शिकवायचा. ते यायचे भत्त्यासाठी, दोन वेळच्या जेवणासाठी आणि संध्याकाळी गावात जाऊन सिनेमा पाहण्यासाठी. मी फळ्यावर 'गणपूर्ती' लिहायचो आणि मागच्या रांगेत कुणी तरी घोरत असायचं. मला त्या माणसांचा राग होता. त्यांच्या पायांच्या भेगांचा, विडीच्या वासाचा, माझ्या डिग्रीचं त्यांना काही न वाटण्याचा. पण ते हसले की मला बरं वाटे. त्यांना हसवण्यासाठी मी काहीही करायला तयार असे, हे आज कबूल करतो.

त्या वर्षी हातपंपाची योजना आली होती. पैसा वरून येणार, मशीन वरून येणार, पंचायतीने फक्त ठराव करून जागा कळवायची. एका पंचायतीला एकच पंप. आणि त्याबरोबर आमच्याकडे एक फतवा आला होता: जी पंचायत आपली बाई सदस्य शिबिराला पाठवेल, तिचं नाव पंपाच्या यादीत वर जाईल. पंचायतीत दोन बायका असाव्यात असा कायदा होता, म्हणून त्या असत. सभेला त्या येत नसत. शिपाई रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी जायचा, त्या हात पुसून अंगठा लावायच्या आणि परत भाकरी थापायला बसायच्या.

फतव्यामुळे पौषातल्या त्या शिबिराला आर्वी तालुक्यातला एक सरपंच आपल्या गावची बाई घेऊन आला. सत्तावीस पुरुष आणि ती एकटी. वय पंचेचाळीसच्या आसपास, काळीसावळी, हाताची बोटं भाजीच्या डागांनी काळी पडलेली. नाल्यापलीकडच्या वस्तीत तिच्या घरची थोडी जमीन होती, त्यात वांगी-मिरची लावायची आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन विकायला जायची. पंचायतीत तिला घेतलं होतं ते ती गरीब आहे, बोलत नाही म्हणून. सरपंचाने हे तिच्यादेखतच मला सांगितलं. तीही हसली.

पण वर्गात ती पहिल्या रांगेत बसली आणि पाचही दिवस तिने पापणी हलवली नाही. प्रश्न विचारायची ती. पंचायतीचा पैसा कुठून येते, कोणाले विचारून खर्च करते, बाईनं नाई म्हटलं तर लिहितात का. सरपंच मंडळी खो खो हसायची, मग मीही हसायचो आणि उत्तर द्यायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाटी मागितली. मला सही शिकवा म्हणाली. मी शिकवली, ते पुण्यकर्म म्हणून नव्हे, तर जेवणानंतर झोप येत होती म्हणून. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं. आधी सगळी अक्षरं काढायची आणि शेवटी एका दमात वरची रेघ ओढायची, अशी तिची पद्धत होती.

चौथ्या दिवशी अभिरूप सभा असे. म्हणजे सभेची नक्कल. एकाला सरपंच करायचं, बाकीच्यांना सदस्य, एक सूचक, एक अनुमोदक, आणि सगळं खऱ्यासारखं करून दाखवायचं. मी गंमत म्हणून त्या बाईलाच सरपंच केलं आणि तिच्या गावच्या खऱ्या सरपंचाला तिच्यासमोर सदस्य म्हणून बसवलं. वर्गात शिट्ट्या वाजल्या. तो माणूस लाल झाला, पण सगळ्या वर्गाच्या हसण्यापुढे त्याला हसावंच लागलं.

विषय तिने निवडला. नाल्यापलीकडच्या वस्तीत चिंचेच्या झाडाजवळ हातपंप. वस्तीत पिण्याच्या पाण्याची एकच जुनी विहीर आहे, होळीनंतर तिचा तळ दिसतो, दर वर्षी माणसं आत उतरून गाळ काढतात तेव्हा कुठे दोन महिने निभतात, गावातल्या विहिरीवर गेलं तर शेवटी उभं राहावं लागतं. हे तिने इतकं सरळ सांगितलं की शिट्ट्या थांबल्या. मी सरपंचाला म्हटलं, तुम्ही अनुमोदन द्या. त्याने मिशीवरून हात फिरवला, उठला, दिलं. मग ठराव लिहून मी त्याच्यासमोर धरला, त्याने झोकात सही केली, तिने तिची केली. कागदावर ती तिची पहिली सही.

सभा संपल्यावर ती तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मागे सरपंच आणि तीन-चार जण उभे होते. वरच्या ओळीवर बोट ठेवून तिने मला हा पहिला शब्द काय म्हणून विचारलं. मी वाचून दाखवला. तिला तो कळला नाही. पंचायतीच्या खात्याने हा शब्द कुठून शोधून काढला होता देव जाणे, सकाळी मी तो फळ्यावर लिहिला तेव्हाही कुणाला कळला नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता.

"अभिरूप म्हंजे काय जी, गुरुजी?" तिने विचारलं.

सरपंचाने मागून मला डोळा मारला. मी म्हणालो, अभिरूप म्हणजे मोठी. साध्या सभेपेक्षा मोठी सभा.

मागचे लोक तोंडावर हात धरून हसले. तिला वाटलं असेल, बाई सरपंच झाली म्हणून हसताहेत. मग तिने विचारलं, यावर शिक्का नाही का. मी खण उघडला, भांडाराचा शिक्का काढला, शाईत दाबला आणि तिच्या सहीशेजारी चांगला ठसठशीत उठवला. तो तिने ओळखला. तिच्या गादीवर, उशीवर, पांघरुणावर तोच होता. सरकारचा शिक्का सगळीकडं हाय, असं ती समाधानाने म्हणाली आणि कागदाची घडी घालून तो कमरेला खोचला. त्या रात्री जेवताना मी ही गोष्ट मेसमध्ये रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

वैशाखात मला पाठपुराव्यासाठी गावोगाव पाठवलं. प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, याचा एक छापील फॉर्म भरायचा होता. तिचं गाव माझ्या यादीत होतं. रोहण्याच्या पुढे एस. टी. सोडून तीन मैल उन्हातून चालत गेलो. सरपंचाच्या ओसरीवर बसलो, गार पाणी प्यालो, आणि तो हसत हसत म्हणाला, चला, तुमची मोठी सभा दाखवतो.

नाल्यापलीकडे गेलो. चिंचेखाली जमीन सारवून सपाट केलेली, नदीतले धोंडे आणून ओट्यासारखे रचलेले. ओट्यापासून वांग्याच्या वाफ्यापर्यंत सांडपाण्याची नाली खणलेली, कडेने गेरूचे पट्टे. ओट्याच्या मध्यावर एक हळदीकुंकू लावलेला दगड, पंप इथे येणार म्हणून. त्यापलीकडे विहीर. मी वाकून पाहिलं. तळाशी चिखल होता आणि त्यात एक बेडूक. पंप येतोय, ठराव झालाय, शिक्का मारलाय, म्हणून यंदा होळीनंतर कुणी गाळ काढायला उतरलं नव्हतं. आता उतरून उपयोग नव्हता. लहान पोरांना हगवण लागली होती, तिचा दीड वर्षाचा नातू त्यातच गेला होता. हे मला सरपंचाने चालता चालता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

ती आली. मागे वस्तीतल्या बायका, हातांत पाण्याचे रिकामे गुंड. तिने खताच्या प्लॅस्टिक पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढे धरला. तिची अपेक्षा साफ दिसत होती. गेले दोन महिने वस्ती तिला खोटारडी म्हणत होती, आणि आता कागद लिहिणारा माणूसच आला होता. त्याने एक वाक्य बोलायचं होतं.

मी बोललो. म्हटलं, हा सराव होता बाई. वरच लिहिलंय की, अभिरूप.

"तुमीच त सांगतलं, अभिरूप म्हंजे मोठी," ती म्हणाली. "आमच्या सरपंचानं बी सही केली. शिक्का तुमी मारला."

सरपंच माझ्याकडे पाहत होता. बायकाही. गंमत केली होती, चूक माझी, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण त्या काळ्यासावळ्या, घामट बायकांसमोर, ज्यांना मी मनातून अडाणी म्हणत होतो, मला माझी डिग्री सांभाळायची होती. मी म्हणालो, मी असं काही सांगितलं नाही, तुम्ही नीट ऐकलं नाही. मागच्या एका म्हातारीने तिला शिवी दिली. कागदाची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला.

पुढचं सगळं सरपंचाच्या ओसरीवर झालं. पंप मंजूर झाला होता. बाई सदस्य शिबिराला पाठवली म्हणून गावाचं नाव वर गेलं होतं, म्हणजे पंप आला तो तिच्यामुळेच. जागा ठरली होती सरपंचाच्या गोठ्यामागे. खरा ठराव ग्रामसेवकाने लिहून तयार ठेवला होता, फक्त सूचकाची जागा रिकामी होती. वरून आलेल्या कागदात म्हटलं होतं की ठराव शिबिर केलेल्या बाई सदस्याने मांडलेला असल्यास बरं. सरपंच तिला म्हणाला, तू सही कर, पाऊस पडेपर्यंत तुझ्या वस्तीनं माझ्या विहिरीवरून पाणी नेजो, कोणी अडवणार नाही. आवाज अगदी मायेचा होता. शिबिरात सगळा वर्ग हसला होता तेव्हा जो लाल झाला होता, तो हाच माणूस. त्याने चार महिने वाट पाहिली होती.

पश्चात्ताप झाला असं इथे लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं. मला तेव्हा तसं काही झालं नाही. मला पाच वाजताची एस. टी. गाठायची होती आणि ही बाई उगाच वेळ लावते आहे असं वाटत होतं.

ती अंगणात बसली होती. फाटकाबाहेर तिच्या वस्तीतल्या बायका उन्हात गुंड घेऊन उभ्या होत्या, ती काय करते ते पाहत. ग्रामसेवकाने रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, सरपंचाकडेही नाही. मला म्हणाली, गुरुजी, तुमी वाचा. मी वाचलं. सरपंचाच्या गोठ्यामागे, सार्वजनिक हातपंप, सूचक म्हणून तिचं नाव, ठराव सर्वानुमते मंजूर. शिक्काही होता, पंचायतीचा, अर्धवट उठलेला. त्यावर तिने बोट फिरवलं.

"हा तरी खरा हाय का?"

मी हो म्हणालो. तिच्याशी मी खरं बोललो ते एवढंच.

तिने पेन घेतलं. एकेक अक्षर काढलं आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढली, शिबिरात ओढायची तशी. मी माझा फॉर्म मांडीवर घेतला. त्यात एक रकाना होता: शिबिरार्थी महिला सदस्याने सभेत ठराव मांडला काय? मी 'होय' लिहिलं, आणि फाटकातून बायका पाण्यासाठी आत यायला लागल्या तेव्हा उठून एस. टी.ला निघालो.