नात्याचा बाण

धारूरला आमचा सायबर कॅफे सुरू झाला आणि किस्से आपोआप साठत गेले. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात समोरच्या डोंगरावर ढगाची सावली चढून उतरायची. माणसं मग बोलणार नाहीत तर काय करतील!

*

शेजारचे किराणा दुकानदार गंगाधरअप्पा पहिल्यांदा आले, ते चप्पल बाहेर काढून. स्क्रीनवर एक पान हळूहळू उतरत होतं. कुठलं हे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अमेरिकेचं. अप्पा खुर्चीत नीट बसले. "बरं. मग इथं कोणाकडं आलंय?"

*

माझा मित्र सुधाकर सर्चमध्ये धारूरचा किल्ला शोधायला बसला. मशीनने जगभरचे किल्ले, एक हॉटेल आणि किल्ल्याचं चित्र असलेला साबण दाखवला.

"ह्याला शब्द दिसतो बे, अर्थ न्हाई कळत," सुधाकर म्हणाला.

ते मला लागलंच. कॉलेजात असताना एका मासिकात वाचलं होतं: आजचं वेब पानाला पान नुसतं बांधतं, उद्याच्या वेबमध्ये कोण कोणाचं काय लागतं, तेही प्रत्येक दुव्यावर लिहिलेलं असेल. मग मशीनला अर्थ कळेल. पण उद्याची वाट कोण बघणार? आपल्याकडे तर अनोळखी माणूस चहा संपायच्या आत मामाच्या गावावरून पाहुणा निघतो! मी धारूरच्या माणसांचं पान करायला घेतलं. नावांच्या मध्ये बाणाची खूण, तिच्यावर नातं.

*

एका शेतकऱ्याने स्वतःबरोबर बैलाचंही नाव घालायला लावलं. बैल युसूफ वडगाव या गावचा, बायकोच्या माहेरून आलेला. नातं काय लिहू?

"मेव्हणाच की."

*

अप्पांच्या नावापासून मी धर्मापुरीच्या नागनाथकाकांकडे बाण काढला: धाकटा भाऊ. दुकानाच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक. अप्पा बाणाकडे बघत राहिले. पुसू का, मी विचारलं.

"पुसतो कावून? भाऊ हाय." मग हळू आवाजात, "खाली लिव्ह, बोलत न्हाई."

मी लिहिलं. उद्याच्या वेबमध्ये हेही मावलं पाहिजे, असं दुपारभर वाटत राहिलं.

*

पुढे बाजाराच्या दिवशी नागनाथकाका आले. अप्पांचं दुकान टाळून, मागच्या गल्लीने. पान उघडेपर्यंत ते दारातून किल्ल्याकडे बघत होते. मग आपल्या नावाकडे आलेला बाण त्यांनी वाचला.

"हे त्याच्याकडून झालं. माझ्याकडून त्याच्याकडं कुठं हाय?"

मी दुसरा बाण काढला. ह्याच्यावर काय लिहू?

"वाट बघतो, असं लिव्ह."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना हाक मारली. गल्ल्यावरून उठून ते आले. बाण वाचला, आणि त्यावरून बोट फिरवलं. काचेवरच्या धुळीत रेघ उमटली.

"धर्मापुरीची गाडी कितीला हाय, ते सांगतंय का रं तुझं मशीन?"