हशाची मिनिटं

"त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंद!" पाध्ये सरांनी मोबाईलवरचं स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं. "बाई, आपण बाद."

एकांकिका स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मर्यादा चाळीस मिनिटांची. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत एक सेकंद जास्त गेला, तरी संघ स्पर्धेबाहेर.

माझं काम रंगमंच व्यवस्थापनाचं. नट आत कधी जाणार, सामान कुठे राहणार, पडदा कधी पडणार, हे सांभाळायचं. रत्नागिरीत वीस वर्षं हेच करते आहे. या कॉलेजने मला शेवटच्या आठवड्यात बोलावलं होतं. तालमीत प्रयोग रोज सदतीस मिनिटांत संपत होता. मग आज सहा मिनिटं आली कुठून?

आज पहिल्यांदाच समोर प्रेक्षक होते. मांडवीच्या हॉलमध्ये पालक आणि शेजारीपाजारी आले होते. ती सहा मिनिटं ते हसले होते.

"भरभर बोला उद्या," सर मुलांना म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "लाफ मरेल."

हशा उठला की नटाने तो ओसरेपर्यंत थांबायचं, याला आम्ही लाफ धरणं म्हणतो. घाई केली तर पुढचं वाक्य आवाजात बुडतं. वेळ वाचवायचा तर वाक्यंच काढायला हवी होती.

लेखिका सुमैया ताडकन उठली. नाटे गावची मुलगी, कॉलेजच्या 'फिदीफिदी' या विनोदी अंकाची संपादक. आखातातून आलेल्या जावयावरचा तिचा लेख अंकात गाजला, त्याचीच ही एकांकिका.

"एक ओळ काढू देणार नाही, मॅडम. अंकात सगळ्यांना आवडलंय हे."

"अंकात वाचणारा पोटभर हसतो, मग पुढची ओळ वाचतो. ओळ तिथेच थांबलेली असते. स्टेजवर थांबत नाही."

तिला पटलं नाही. मी वाद घातला नाही. प्रयोगाचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते लावलं.

जावई म्हणतो, "माझ्या रूमवर एसी होता." नानी म्हणते, "आमच्याकडं पण हाय. खिडकी म्हणतात." हॉल फुटला. त्या आवाजात नानीची पुढची दोन वाक्यं गेली. "रिमोट लागत नाय" आणि "लाईट गेली तरी चालते."

सुमैयाने पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"लाईटवालं माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं," ती हळूच म्हणाली. "कोणी ऐकलंच नाही."

"मग रिमोट काढ. हशा ओसरू दे, मग लाईट."

तिने पेन मागितलं. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःच चार पानं खोडली. एकदा तर 'एवढं नको' म्हणत मीच तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. खिडकीला हशा झाला. नानी झालेली ऋतुजा शांत उभी राहिली, तांदूळ निवडत. आवाज बसला तशी म्हणाली, "लाईट गेली तरी चालते." या वेळी लोकांनी खुर्च्यांचे हात बडवले.

पण हशे कालच्यापेक्षा लांबले. एकोणचाळीस मिनिटं झाली, तेव्हा ऋतुजाची दोन वाक्यं उरली होती. तिने पहिलं म्हटलं आणि हॉल पुन्हा उसळला. हशा थांबेना. ती लाफ धरून उभी. मी पडद्याच्या दोरीशी. एकोणचाळीस पस्तीस. एकोणचाळीस चाळीस.

माझ्या शेजारी विंगेत सुमैया होती. शेवटचं वाक्य तिचं. ते गाळायचा हक्क मला नव्हता.

"पाडा, मॅडम!"

"आणि वाक्य?"

"लोक हसतायत ना? पाडा!"

मी दोरी सोडली. एकोणचाळीस मिनिटं बावन्न सेकंद. पडद्यापलीकडे हशाच्या टाळ्या झाल्या. पाध्ये सर स्टॉपवॉच हातात घेऊन विंगेत नाचत होते.

एकांकिका पहिली आली. लेखनाचं बक्षीसही सुमैयाला. परीक्षकांनी शेवटाचं खास कौतुक केलं. नेमक्या ठिकाणी थांबता येणं ही लेखिकेची परिपक्वता आहे, म्हणाले. सुमैयाने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.

तेव्हापासून विनोदी संहिता हातात आली की मी आधी मर्यादेतून पाच मिनिटं प्रेक्षकांच्या नावावर वजा करते. ते हसले नाहीत, तर प्रयोग लवकर संपतो. तसा तो संपलेलाच बरा.