दहा नंबरचा पाना

ही गोष्ट मी संध्यालाही सांगितलेली नाही. संध्या माझी बायको. बावीस वर्षांचा संसार झाला, माझ्या किडलेल्या दाढेपासून ते माझ्या घोरण्यापर्यंत तिला सगळं ठाऊक आहे — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय. का सांगतोय, ते विचारू नका. मलाही नीट सांगता यायचं नाही.

सुरुवात गाडीपासून करतो. गाडीवर बोलायला लागलो की मी सुटतोच, ऑफिसातले लोक तर हात जोडतात. छोटीच आहे, स्वस्तातली, पण डिक्कीवाली. मला डिक्कीवालीच पाहिजे होती. रायपुरात, पुरानी बस्तीत आमच्या गल्लीत वळवताना दोन्हीकडचे आरसे मिटावे लागतात, शेजारचे भैया ओट्यावर उभं राहून "आने दो, आने दो" करतात, तरी डिक्कीवालीच. आत बदामी रंगाच्या कापडी सीटा. चप्पल झटकल्याशिवाय मी कोणाला आत बसू दिलं नाही. माझी स्वतःची पोरगी म्हणायची, "पापा, ये कार है कि मंदिर?" ती मराठी समजते सगळं, बोलते हिंदीत. मी हसायचो. मला ते कौतुक वाटायचं, सांगा आता!

मोबाइलवर या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे. रायपूर, भिलाई, बिलासपूरकडचे लोक. त्यात मी मोठा शहाणा. क्लच जड झाला, एसी वास मारतो, काहीही विचारा, उत्तर माझंच. आणि नवीन कोणी विचारलं, की बाबा ही गाडी कधी दगा देते का, तर मी नेहमी लिहितो — एकदाच दिला, भाऊबीजेच्या दिवशी, बॅटरीचा टर्मिनल ढिला झाला होता. आता ग्रुपवर तो नियमच झालाय. लांब निघण्याआधी टर्मिनल बघा. बिलासपूरचा एक जण आईला घेऊन कुठेही निघाला की आधी बोनेट उघडतो आणि मला हात जोडल्याचं चित्र पाठवतो. ते चित्र आलं की मी फोन पालथा ठेवतो.

टर्मिनल ढिला होता, हे खरं आहे. तेवढंच खरं आहे.

माझे बाबा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. गोंदियाकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचे, असं त्यांचे सोबती सांगत. मी खोटं कशाला बोलू, लहानपणी मला त्यांच्या हाताच्या तेलकट वासाचा फार अभिमान होता. पुढे तो अभिमान कुठे गेला? ऑफिसात बसून गेला असेल. कपडे इस्त्रीचे झाले आणि गेला असेल.

म्हातारपणी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवीवर ताबा राहिला नाही. डायपर लावायचो, पण तो सरकायचा. समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे मी त्यांना ऑटोने न्यायचो. दारात नवी गाडी उभी, आणि ऑटोने! "तिथं गाडी लावाले जागाच नाही भेटत," असं मी सांगायचो. बाबा मान डोलवायचे. एकदा परत येताना ऑटोची सीट ओली झाली. ऑटोवाल्याने जे तोंड वाकडं केलं — बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वाकून, कण्हत कण्हत, ती सीट पुसली. मी बाजूला उभा होतो. मी काय विचार करत होतो, सांगू? बरं झालं, आपली गाडी आणली नाही.

हं. आता त्या भाऊबीजेचं.

बाबांची एकच धाकटी बहीण, बनूआत्या, गोंदियाला. ती अंथरुणाला खिळलेली, यांना रेल्वेच्या पायऱ्या चढणं होत नाही. तीन वर्षांत भेट नव्हती. बाबा आयुष्यात कधी काही मागायचे नाहीत, नवा सदरासुद्धा संध्याने ओरडून घ्यायला लावायचा. त्या दिवाळीला त्यांनी मागितलं. "यावर्षी मले बनीकडे घेऊन चाल. तुही गाडी हे न आता." मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? पण हो म्हणाल्यापासून माझ्या डोळ्यासमोर एकच — ती बदामी सीट. साडेतीन-चार तासांचा रस्ता. वास. डाग. ग्रुपवर गाडीचे फोटो टाकणारा मी.

मला एकदा तरी त्यांच्याशी सरळ बोलता आलं असतं ना? बाबा, काय करू या, असं? बाप-लेकात एवढंही बोलता येऊ नये? नाही बोललो. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही बोललो, असं मी स्वतःला कित्येक दिवस सांगत होतो. तेही खोटंच.

त्याच दिवसांत एका दुपारी मी घरी आलो तर गाडीचं मागचं दार उघडं, आणि बाबा बाहेर उभे राहून आत वाकलेले. हातात त्यांचा जुना मापाचा टेप. मी तिथेच ओरडलो, "काय करून राहिले बाबा? ओरखडा पडन न!" ते दचकले. टेप मुठीत गुंडाळला, म्हणाले, "काही नाही रे, पाहून राहिलो होतो," आणि आत गेले. मी सीटवर हात फिरवून पाहिला, डाग तर नाही ना. बापाच्या तोंडाकडे नाही पाहिलं.

भाऊबीजेच्या सकाळी घरात आंघोळीची गडबड. संध्या रस्त्यासाठी पुऱ्या तळत होती. मी दहा नंबरचा पाना घेऊन बाहेर आलो, बोनेट उघडलं, बॅटरीच्या एका टर्मिनलचा नट सैल केला आणि टर्मिनल जरासा वर उचलून ठेवला. अर्धं मिनिटही लागलं नाही. पाना खिशात टाकला. झालं.

बाबा तयार होऊन आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दाढी केलेली, हातात आत्याच्या साडीची कापडी पिशवी. गल्लीतले दोघे-तिघे नमस्कार करून गेले, बाबा प्रत्येकाला सांगत होते, "बहिणीकडे चाललो, गोंदियाले." मी बसलो, चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. वैतागलेला चेहरा केला. अहो, काय सांगू, मी तर स्टिअरिंगवर हातही आपटला!

माझी चूक इथे झाली. मी विसरलो होतो की मी फिटरचा मुलगा आहे.

"बोनेट खोल बरं," बाबा म्हणाले.

पिशवी ओट्यावर ठेवून ते वाकले. क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग त्यांचं बोट सरळ त्या टर्मिनलवर गेलं. टर्मिनल बोटाखाली हलला. ज्या माणसाने तीस वर्षं इंजिनं उघडली, त्याला नुसत्या हाताने दाबूनही ती गाडी चालू करता आली असती. खाटेखाली त्यांची पान्यांची पेटी होती, तीसुद्धा त्यांनी मागितली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या खिशातला पाना पँटच्या कापडातून दिसत होता की नाही, मला माहीत नाही.

मग त्यांनी हळूच बोनेट लावलं. संध्या दारात डबा घेऊन उभी होती. तिला म्हणाले, "बाई, आतलं काही गेलं असन. मिस्त्रीचं काम हे. पोट्ट्याची काही चूक नाही, नव्या मशीनलेही रोग असतेच."

पोट्ट्याची काही चूक नाही. पन्नाशीला टेकलेल्या माझ्यासारख्या घोड्यासाठी माझा बाप, सगळ्या गल्लीदेखत, खोटं बोलला.

आत जाऊन त्यांनी आत्याला फोन लावला. फोनला आवाज मोठा होता, मला बाहेर ऐकू येत होतं. ती ओवाळणीचं ताट करवून, भिंतीला टेकून बसलेली होती. बाबा म्हणाले, "बने, गाडी बिघडली व. पुढच्या वर्षी नक्की." ती रडली की हसली ते कळलं नाही. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि कपडे बदलले. दोन दिवसांनी मी जेवताना सांगितलं की मिस्त्रीने पाहिलं, टर्मिनल ढिला होता. बाबा भात कालवत होते. "हव," एवढंच म्हणाले.

पुढचं वर्ष आत्याला लाभलं नाही. संक्रांतीआधीच गेली. पोचवायलाही बाबांना नेता आलं नाही, तोवर त्यांना ताप भरला होता. पुढल्या उन्हाळ्यात तेही गेले. घरून दवाखान्यात नेलं ते अॅम्ब्युलन्सने. मी मागून गाडी घेऊन गेलो. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली.

तेराव्यानंतर संध्या त्यांची ट्रंक आवरत होती. ती कापडी पिशवी निघाली. वर आत्याची साडी, घडी न मोडलेली. खाली हिरवं मेणकापड, दवाखान्यात पलंगावर घालतात तसलं. दोन तुकडे एकमेकांना जोडलेले, चारही कडा मशीनवर शिवलेल्या, जोडाशी एक चौकोनी काप. संध्या उलटंपालटं करत म्हणाली, "बाबांनी हे काय कापून ठेवलं होतं?" मी म्हणालो, "काय माहीत." आणि ते तिच्या हातातून काढून घेतलं.

घरी कोणी नव्हतं त्या दिवशी मी ते गाडीत नेऊन मागच्या सीटवर अंथरलं. पाठीला बरोबर बसलं, बैठकीला बरोबर बसलं. त्या चौकोनी कापातून सीटबेल्टचं बक्कल नेमकं वर आलं. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. माझी सीट खराब होऊ नये याची सगळी सोय माझ्या बापाने केली होती, आणि मी त्याला सांगितलं होतं की गाडी चालू होत नाही.