दिवेलागणीच्या जांभया

काकू गेल्याचा निरोप हैदराबादला माझ्या शाळेत आला. काकूच्या गावाहून, निंबर्ग्याहून आलेले पाहुणे सांगत होते, "लई जणांची दृष्ट अंगावर घेतली त्यांनी. तीच बाधली." मी मान हलवली आणि सामान बांधायला घेतलं.

सुट्टीत मी काकूकडेच असे. दिवेलागणीला आसपासच्या बायका तान्ही मुलं घेऊन यायच्या. काकू मीठ-मोहऱ्या ओवाळी आणि तिला जांभयांवर जांभया येत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहे. जितक्या जांभया तितकी दृष्ट कडक, असं सगळ्या मानत. "तुझ्या लेकराला न्हाई, तुझ्या नथीला लागलीय गं," काकू म्हणे आणि हशा पिके. मग आत जाऊन ती अफूची गोळी जिभेखाली ठेवी. दम्यावरचं औषध म्हणून. थोड्या वेळात तिचा चेहरा निवळे. बायका म्हणत, उतरली दृष्ट. पण कुणी आलं नाही त्या दिवशीही, त्याच वेळी, तिला जांभया येतच.

गेल्या उन्हाळ्यात ती फार वाळली, तेव्हा काकांनी तिला गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई इंग्रजी बोलत, म्हणून मी मध्ये. त्यांनी छाती तपासली थोडी, विचारलं फार. पूर्वीइतकी गोळी पुरते का? चुकली तर काय होतं? तिच्यापायी काय सोडलं?

काकू लाजून हसली. "माहेरला जायचं सोडलं बघ. तिथं अफूचं दुकान न्हाई."

मी हे इंग्रजीत सांगताच बाईंनी काकूचा हात पुढे ओढला. त्या उकाड्यात काकूच्या दंडावर काटा उभा होता, तो त्यांनी मला दाखवला. गोळीची वेळ टळली की असा काटा येतो, ही अफूची सवय आहे, म्हणाल्या, आणि तोही आजारच आहे, वाईट चाल नव्हे. पण एकदम तोडू नका, हे शरीर सोसणार नाही. माझ्या नजरेखाली थोडी थोडी कमी करू. मी शब्दन् शब्द काकांना सांगितला.

परतताना काका म्हणाले, "इख हाय म्हणायलीस, आन् रोज थोडं थोडं द्या म्हणायलीस? कामून?" मी पुन्हा समजावलं. "हेच शिकवायलेत व्हय तुमच्या शाळेत?"

त्यांचा तिच्यावर फार जीव होता. म्हणूनच माझी शाळा उघडल्यावर त्यांनी तिची अफूची डबी विहिरीत टाकली. उलट्या, जुलाब, झाडलेले पाय... बायकांनी शेवटी काकूचीच दृष्ट काढली.

आता मी निंबर्ग्यालाच आहे. परवा दिवेलागणीला एक बाई मूल घेऊन आली. "सूनबाई काढंल," काका म्हणाले. वहिनी उठली आणि मीठ मुठीत घेण्याआधीच तिला जांभई आली.

"सासूचा हात आला बघा हिला," बाई कौतुकानं म्हणाली.

मी वहिनीचा दंड धरला. काटा होता. आत नेऊन विचारलं, तेव्हा तिनं मान खाली घातली. "बाळंतपणात आत्याबाईंनी त्यांच्या डबीतली गोळी दिली, कळा सोसंनात म्हणून. मग ऱ्हायलीच. मामंजींना सांगू नका."

सांगितलं नाही. माहेरी सोडते असं काकांना सांगून तिला गुलबर्ग्याला नेणार आहे. हे छापून येईल तेव्हा आम्ही डॉक्टरीणबाईंकडे असू, मग काकांनी वाचलं तरी चालेल. तोवर वहिनीची डबी तिच्याच कनवटीला आहे, आणि ती तिथे आहे ना, एवढं मी रोज पाहते.